डब्याच्या सुट्टीतला अभ्यास

मुलाला बालवाडीत घालताना आईबाप बाईंना काय सांगतात, ते ऐकण्यासारखं असतं. "शंभरपर्यंत अंक येतात. ए टू झेड येतं. रंग सगळे ओळखतो. शुभंकरोती पाठ आहे." मग आवाज जरा खाली येतो. "शू लागली की मात्र सांगत नाही. आणि अजून भरवावं लागतं." बाईंच्या पुढच्या सहा महिन्यांचं काम या शेवटच्या दोन वाक्यांत असतं. आधीची चार वाक्यं त्या नम्रपणे ऐकून घेतात.

तीन-साडेतीन वर्षांचं मूल जून महिन्यात दारातून आत येतं, तेव्हा त्याच्यापुढे काय काय वाढून ठेवलेलं असतं ते पाहा. चपला काढून जागेवर ठेवायच्या. दप्तर अडकवायचं. आई गेली हे मान्य करायचं. आपली वॉटरबॅग पंचवीस वॉटरबॅगांतून ओळखायची. चड्डीचं बटण. वाहणारं नाक. पलीकडच्याच्या हातातली गाडी हवी असेल तर ओरबाडायची नाही, मागायची. आणि त्याने नाही म्हटलं तर थांबायचं. यातली एकही गोष्ट पाठ करून येत नाही. बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात तिला तासही नसतो. ती 'मधल्या वेळात' उरकायची असते.

नाशिकच्या बाजूला एका बालवाडीत मी डब्याच्या सुट्टीत बसून होतो. सतरंजीवर मुलं गोल बसलेली. एका मुलाने आपला स्टीलचा डबा ताईंपुढे सरकवला. डब्याला दोन्ही बाजूंनी क्लिपा. तोंडाने काहीच बोलला नाही. घरी असा डबा सरकवला की तो उघडून मिळत असणार. ताईंनी डबा घेतला नाही. "काय हवंय?" मुलगा गप्प. "उघडून हवाय का?" मान हलली. "कुठून उघडतो हा? बोट ठेव बघू तिथे." त्याने क्लिपेवर बोट ठेवलं. ताईंनी एका बाजूची क्लिप सैल करून दिली आणि हात मागे घेतला. मुलाने अंगठा घातला, निसटला, पुन्हा घातला. शेजारच्या मुलीला हे बघवेना. तिने सरळ डबाच ओढून घेतला. ताई म्हणाल्या, "तू उघडू नकोस, त्याला सांग कसा उघडायचा." ती सांगू लागली, "असं नाय रे, वर ओढ, वर." क्लिप सुटली, झाकण उडालं आणि निम्मे पोहे सतरंजीवर सांडले.

मदतनीस मावशी फडकं घेऊन उठल्याच होत्या. ताईंनी नुसत्या नजरेने त्यांना बसवलं. मुलाने एकवार सगळ्यांकडे पाहिलं. कोणी रागावत नाही म्हटल्यावर फडकं आणलं, पोहे गोळा केले, त्यातले थोडे हळूच तोंडातही टाकले. ते कोणी पाहिलं नाही असं ठरलं. पाहणाऱ्याला ही सात-आठ मिनिटं फार लांब वाटतात. मावशी तीसच्या तीस डबे दोन-तीन मिनिटांत उघडून देऊ शकतात, आणि बहुतेक ठिकाणी तेच होतं. कारण डब्याला पंधरा मिनिटं आहेत आणि नंतर 'रायटिंग' आहे.

या लेखातलं माझं म्हणणं एवढंच आहे. स्वावलंबन शिकवण्याचं तंत्र आपल्याकडच्या ताईंना चांगलं ठाऊक आहे. कमी पडतो तो वेळ, आणि तो कमी पडतो कारण आपण पालकांनी तो लेखनाच्या नावावर करून टाकला आहे.

तंत्र म्हणजे काय, तर मदत किती आणि कुठे थांबवायची याचा अंदाज. ताईंनी क्लिप उघडली नाही, सैल केली. अनुभवी बालवाडीताई सगळ्याच बाबतींत असं करतात. मोजा टाचेपर्यंत त्या चढवतात, पुढे मुलाने ओढायचा. स्वेटरची चेन खाली त्या अडकवतात, वर मुलाने न्यायची. म्हणजे शेवटची पायरी मुलाची. काम 'झालं' याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो आणि उद्या तो आधीची पायरीही मागतो. 'तू कर बघू' म्हणून मुलाला सगळ्या कामापुढे एकटं बसवलं की ते रडतं. सगळं करून दिलं की ते डबा पुढे सरकवायला शिकतं. दोन्हीही शिक्षणच, पण कशाचं?

या शास्त्राची जुनी गोष्ट रोममधली आहे. सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसोरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी पहिलं बालगृह उघडलं. तिथे एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरावं याचा पाठ दिला. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता नाक कसं पुसायचं, कोणाचं लक्ष जाणार नाही असा तो कसा ठेवायचा. मुलं गंभीरपणे पाहत राहिली. पाठ संपला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माँटेसोरींना आधी आश्चर्य वाटलं, मग उमगलं: नाकावरून ही मुलं रोज बोलणी खात होती, पण ते पुसायचं कसं हे आजवर कोणी शांतपणे दाखवलंच नव्हतं. टाळ्या मिळाल्या त्या मुलांचा मान राखला म्हणून. बटणं, बंद, हुक यांच्या सरावाच्या लाकडी चौकटी, मुलांच्या उंचीच्या खुर्च्या आणि कपाटं हे सगळं त्याच विचारातून आलेलं. आज 'माँटेसरी' अशी पाटी असलेल्या कित्येक शाळांत खुर्च्या उरल्या आहेत. नाक मात्र मावशी पुसतात.

मराठी मुलखात हा विचार गुजरातमार्गे आला. भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेकांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं होतं. ताराबाई मोडक तिथे गेल्या, त्यांच्यासोबत काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि ताराबाईंनी पुढे दादरला शिशुविहार चालवलं. इथवर हे शहरी मध्यमवर्गाचं काम होतं. बालशिक्षणाची भारतीय गोष्ट खरी सुरू होते १९४५मध्ये, बोर्डीला. ताराबाईंनी तिथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई मोरगावच्या. लहानपणी लग्न, लगेच वैधव्य, मग जिद्दीने शिक्षण आणि मास्तरकी. पस्तिशीत त्या बोर्डीला आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्या भागातच राहिल्या.

बोर्डीत पहिलाच धडा असा मिळाला की बालवाडी उघडली म्हणून मुलं येत नाहीत. दलित वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. मुलांना गोळा करायचं, न्हाऊमाखू घालायचं, केस विंचरायचे आणि तिथेच शिकवायचं, ती अंगणवाडी. साधनं विकत घ्यायला पैसे नव्हते. शंखशिंपले, बिया, पानं, खडे यांवर भागवलं. पन्नासच्या दशकात काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांत. तिथली पोरं गुरांमागे जायची, म्हणून शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी शाळेत येऊ शकत नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, ती विकासवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज महाराष्ट्रात अशी एक लाखाहून अधिक केंद्रं आहेत.

कोसबाडच्या कामातून मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. बालशिक्षणाच्या पुस्तकांत ती सहसा सापडत नाही. वारली पाड्यावरच्या पाच वर्षांच्या मुलीला स्वावलंबन शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं? ती शेळ्या राखते, पाणी भरते, भावाला सांभाळते. बटण लावण्याचा पाठ तिला कशाला? शहरातल्या मुलाचे हात मोकळे करावे लागतात. तिचे हात आधीच कामाला लागलेले असतात. तिला हवं असतं खेळणं, आणि आपलं म्हणणं मोठ्या माणसासमोर मांडता येणं. 'मुलं परावलंबी झाली आहेत' हे वाक्य आपण सरसकट टाकतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे फक्त सोसायटीतली मुलं असतात.

आणि बोलण्याचं म्हणाल, तर भाषेचा प्रश्न उघडपणे घ्यायला हवा. पहिल्या महिन्यात शाळा ज्या मुलाबद्दल 'मिसळत नाही, बोलत नाही' असं म्हणते, ते मूल पुष्कळदा घरी अखंड बोलत असतं: वारलीत, अहिराणीत, गोरमाटीत, कोरकूत, नाहीतर साध्या मराठीत, आणि शाळा असते इंग्रजी. 'मला शू लागली' हे सांगायला ज्याच्याजवळ शाळेतली वाक्यं नाहीत, ते गप्प बसेल किंवा चड्डी ओली करेल. ती वेळ आली की त्याच्या सामाजिक कौशल्यांची चिंता सुरू होते. अंगणवाडीला आपण कितीही नावं ठेवली, तरी तिचा एक मोठा गुण आहे: सेविका बहुधा त्याच गावची, त्याच बोलीची असते. मूल रडत आलं तर ते काय म्हणतंय हे तिला कळतं. लाखभर फी घेणाऱ्या शाळांना हे जमवायला सायास पडतात.

आता दुसऱ्या मुलांशी जमवून घेण्याकडे येऊ. या वयाच्या मुलांच्या पालकांची ठरलेली तक्रार असते: "आमचा एकटाच खेळतो." मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाची निरीक्षणं प्रसिद्ध केली. काही मुलं एकटी खेळतात, काही नुसतं पाहत उभी राहतात, काही शेजारी शेजारी बसून आपापला वेगळा खेळ खेळतात, काही देवाणघेवाण करतात आणि काही मिळून एकच खेळ रचतात. वय वाढतं तसा मिळून खेळण्याचा भाग वाढतो. तीन वर्षांची दोन मुलं वाळूत पाठीला पाठ लावून आपापले डोंगर करत असतील, तर ती एकमेकांपासून तुटलेली नसतात. एकाने डोंगर मोडला की दुसरा लगेच मोडून बघतो ना! आणि कडेला उभं राहून पाहणारं मूलही रिकामं नसतं. त्याला खेळाचे नियम कळून घ्यायचे असतात. त्याला दंडाला धरून मध्ये ढकलणं ही सर्वांत वाईट मदत.

आपल्या गल्लीतल्या पोरांनी यावर फार जुनं उत्तर शोधून ठेवलं होतं. धाकटा भाऊ खेळायला हटून बसला की त्याला 'कच्चा लिंबू' करायचं. तो पळेल, लपेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. तो खेळात आहे आणि हरण्याच्या धोक्याबाहेर आहे. दोन-चार महिन्यांनी तोच भांडतो, "मी कच्चा लिंबू नाही!" मग त्याच्यावर राज्य येतं, रडारड होते आणि तो पक्का गडी होतो. कोणी मोठा माणूस मध्ये नसतो. राज्य कोणावर, हे ठरवायला सुटायचं. दम लागला तर टाइमप्लीज घ्यायचा. बिनसलं तर कट्टी आणि संध्याकाळपर्यंत बट्टी. वाटाघाटीचं हे सगळं शिक्षण पोरं पोरांकडून घेत होती, कारण अंगणात वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र होती. आता मुलं वर्गात आहेत आणि वर्गात सगळी एकाच वयाची. कच्चा लिंबू करायला धाकटं कोणी नाही, करून घ्यायला मोठं कोणी नाही. तीन ते सहा वयाची मुलं एकाच खोलीत असलेली अंगणवाडी याबाबतीत शहरातल्या नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर अशा कप्प्यांपेक्षा सरस ठरते. तिथे ते मुद्दाम कोणी केलेलं नाही, खोली एकच आहे म्हणून झालं आहे; पण चांगलं झालं आहे.

भांडणात मोठ्यांनी कधी पडावं? जोसेफ टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, चीन आणि अमेरिका या तीन देशांतल्या बालवाड्यांचं चित्रण केलं आणि १९८९मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यात क्योटोच्या कोमात्सुदानी बालवाडीतला एक चार वर्षांचा मुलगा आहे, दिवसभर खोड्या काढणारा. तो दुसऱ्या मुलाच्या हातावर पाय देतो, तो मुलगा रडतो, आणि बाई मध्ये पडत नाहीत. वर्गातल्या मुली रडणाऱ्याला जवळ घेतात आणि काय करावं याची चर्चा करतात. अमेरिकन प्रेक्षकांना ही बाईंची हेळसांड वाटली. जपानी शिक्षकांचं म्हणणं असं की आम्ही धावलो, तर मुलं एकमेकांना आवरायला शिकणार कधी? वर्गात तीसेक मुलं असणंही त्यांना गैर वाटत नव्हतं. मुलं फार थोडी असली की ती बाईंनाच चिकटून राहतात, अशी त्यांची समजूत.

हे वाचून आपल्याकडचे संस्थाचालक खूश होतील म्हणून सांगून ठेवतो: त्या बाई पाठ फिरवून वह्या तपासत नव्हत्या. त्यांचं लक्ष होतं आणि हात आवरलेला होता. लक्ष ठेवून हात आवरणं हे कामच आहे, आणि पन्नास मुलांत, एकटीने, पोषण आहाराची नोंद मोबाइलवर भरता भरता ते होत नाही. पहिली ते पाचवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. त्याहून लहान मुलांच्या खासगी वर्गांत काय चाललं आहे, हे पालकांनी स्वतः मोजून पाहावं. शिवाय आपल्याकडे चावणं, ढकलणं, डोळ्याशी पेन्सिल नेणं यांत क्षणभरही थांबायचं नसतं. तिथे आधी हात धरायचा, मग बोलायचं. बोलायचं तेही 'सॉरी म्हण' एवढंच नाही. जबरदस्तीच्या सॉरीने मुलं एकच शिकतात: हा एक शब्द म्हटला की सुटका होते. "तो रडतोय बघ. त्याला काय झालं? आता काय करूया?" हे तीन प्रश्न जास्त वेळ घेतात. पुन्हा वेळच.

वेळ जातो कुठे? लेखनात. आपल्याकडे कायदे आणि धोरणं याच्या उलट बोलतात. बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची मुलाखत घेऊ नये, असा महाराष्ट्राचा कायदा १९९६चा आहे. यशपाल समितीने दप्तराच्या आणि आकलनाच्या ओझ्याबद्दल १९९३ साली सांगून झालं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि २०२२च्या त्याच्या आराखड्यात खेळ, भावना, स्वतःची कामं स्वतः करणं यांना अक्षरओळखीच्या बरोबरीने जागा दिली. तरी साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात चार रेघी वही आहे. शाळांना विचारलं तर त्या म्हणतात, पालक मागतात. हे बऱ्याच अंशी खरं आहे. मुलाने आज रुमालाची घडी घातली, हे व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवता येत नाही. पानभर 'अ' पाठवता येतो.

या कामाचा उपयोग काय, असं रोखठोक विचारणाऱ्यांसाठी एक दाखला. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ ते ६७ या काळात पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. गरीब कुटुंबांतली १२३ मुलं. त्यांतल्या ५८ जणांना ही शाळा मिळाली, बाकीच्यांना नाही. आज काय करायचं हे मुलाने आधी ठरवायचं, मग ते करायचं, मग काय केलं ते सगळ्यांना सांगायचं, अशी तिथली रीत. बुद्ध्यांकात झालेली वाढ काही वर्षांत विरून गेली. तेवढ्यावरून प्रयोग फसला असं म्हणता आलं असतं. पण ती मुलं चाळिशीला आली तेव्हाही शिक्षण, नोकरी, कमाई यांत ती पुढे होती आणि अटकेचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी या आकड्यांचा पुन्हा कसून अभ्यास केला आणि फायद्याचं मोठं श्रेय स्वभावात, वागण्यात झालेल्या बदलाला दिलं. प्रयोग लहान होता, काळ वेगळा होता, देश वेगळा होता. सगळं इथे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. ठरवणं, करणं, सांगणं या रीतीला मात्र पैसे लागत नाहीत.

घराचा यात वाटा किती? ताईंना विचाराल तर त्या हसतात. शाळेत स्वतःच्या हाताने जेवणारं मूल घरी आजीच्या मांडीवर, मोबाइलसमोर घास घेतं. मुलांना ठिकाण कळतं. इथे चालतं, तिथे चालत नाही, याचा हिशेब त्यांचा चोख असतो. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. भरवण्यात तिचंही सुख असतं, आणि सकाळी साडेआठची व्हॅन गाठायची तर बुटाची लेस मुलाला बांधू देणं आईला परवडत नाही. सगळं सोडून द्या. एकच काम निवडा. बूट नाही तर पाण्याचा पेला, नाहीतर स्वतःचं ताट उचलून ठेवणं. त्या एका कामासाठी पंधरा मिनिटं आधी उठा. आणि डबा विकत घेताना दुकानातच मुलाच्या हातात द्या. त्याला उघडता येत नसेल तर कितीही सुंदर असला तरी तो डबा घेऊ नका.

शाळेकडे मागायचं तेही थोडंच आहे. येत्या पालकसभेत वहीत किती पानं झाली हे विचारू नका. डब्याला किती मिनिटं देता, खुंट्या मुलांच्या हाताला येतात का, आणि एका ताईकडे मुलं किती, हे तीन प्रश्न विचारा. डब्याला पंधरा मिनिटं असं उत्तर आलं, तर तिथेच, सगळ्या पालकांसमोर, तीस मागा.